ठरलेली थैली आणि संघाचा मोहरा

कुटुंबाची महिन्याची मिळकत ठरलेली असली म्हणजे खर्चाचा प्रश्न पैशाचा न राहतां प्रमाणाचा होतो. थोरल्या मुलाच्या शिक्षणाला किती द्यावें हें एकट्या त्या मुलाच्या बुद्धीवरून ठरत नाहीं. त्याला दिल्यावर धाकट्यांच्या वह्यापुस्तकांना, दूधवाल्याला आणि घरभाड्याला काय उरतें, त्यावरून तें ठरतें. मुलगा कितीही हुशार असो, त्याच्या हुशारीनें महिन्याची मिळकत वाढत नाहीं. धंदेवाईक खेळाच्या जगांत गेल्या तीस वर्षांत हाच संसारी प्रश्न फार मोठ्या आंकड्यांनीं उभा राहिला आहे. संघानें आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून अमुक रकमेहून अधिक खर्च करावयाचा नाहीं, असा नियम. आणि त्या रकमेंतून संघाच्या मुख्य मोहऱ्याला किती द्यावयाचे, हा सौदा. त्या सौद्याचाच विचार आज करावयाचा आहे.

या नियमाचें सर्वांत गाजलेलें क्षेत्र म्हणजे अमेरिकेंतील फुटबॉल. नांव फुटबॉल असलें तरी तो खेळ आपल्याकडील फुटबॉलसारखा नव्हे. अंडाकृति चेंडू बहुधा हातांत घेऊनच तो खेळला जातो. त्यांत क्वार्टरबॅक नांवाची एक जागा असते. चढाई करणाऱ्या बाजूचा जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. चेंडू दूर फेकावा कीं जवळच्या गड्याच्या हातीं द्यावा, हें तो क्षणार्धांत ठरवितो. तेथील नॅशनल फुटबॉल लीगनें १९९४ सालीं वेतनाची मर्यादा घातली. ती त्या वर्षीं प्रत्येक संघास ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ सालीं ती २५ कोटी ५४ लाख डॉलरवर गेली. त्याच वर्षीं डलासच्या संघानें डॅक प्रेस्कॉट या आपल्या क्वार्टरबॅकशीं जो करार केला, त्याची सरासरी वर्षास ६ कोटी डॉलर पडते. संघांत माणसें त्रेपन्न, आणि एका माणसाची सरासरी एकंदर मर्यादेच्या पांचव्या हिश्शाहून अधिक! करारावर सही होतांना दिलेली ठोक रक्कम तेथें हिशेबाच्या वहींत पांच वर्षांपर्यंत वांटून दाखवितां येते. त्यामुळें आजचा भार कांहींसा उद्यांवर ढकलतां येतो. परंतु ढकलला म्हणून तो नाहींसा होत नाहीं. पुढील वर्षांच्या थैलींतून तो वजा होतोच.

हें सर्व दूरदेशचें वाटेल. पण हाच हिशेब आतां प्रवरेच्या परिसरांत येऊन पोंचला आहे. अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, हा उंसाचा आणि सहकारी साखर-कारखान्यांचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रास ठाऊक. त्याच्या दोन तालुक्यांतून असे तीन खेळाडू निघाले कीं ज्यांची या ठरलेल्या थैल्यांशीं गांठ पडली. श्रीरामपूरचा झहीर खान, जन्म १९७८. संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथें १९८८ सालीं जन्मलेला अजिंक्य रहाणे. आणि श्रीरामपूर तालुक्यांतीलच टाकळीभानचा कबड्डीपटु अस्लम इनामदार. तिघांची हकीगत एकापुढें एक ठेवली कीं ठरलेल्या थैलींतला सौदा कसा चालतो हें स्वच्छ दिसूं लागतें.

भारतीय क्रिकेटांत या प्रकारास आरंभ झाला तो २० फेब्रुवारी २००८ रोजीं, मुंबईंत. इंडियन प्रीमियर लीगच्या आठ संघांना त्या दिवशीं प्रत्येकीं ५० लाख डॉलरची थैली ठरवून दिलेली होती आणि जगांतील नामांकित खेळाडूंवर बोली लागत होती. महेंद्रसिंग धोनीला चेन्नईच्या संघानें १५ लाख डॉलरला घेतलें. थैलीचा शेंकडा तीस भाग एका माणसावर गेला. पुष्कळांना हा उधळेपणा वाटला. परंतु त्यामागें एक हिशेब होता. पांच संघांना प्रत्येकीं एक मानाचा खेळाडू अगोदरच नेमून दिलेला होता: मुंबईला सचिन तेंडुलकर, बंगळूरला राहुल द्रविड, कलकत्त्याला सौरव गांगुली, दिल्लीला वीरेंद्र सेहवाग आणि मोहालीला युवराजसिंग. त्या मानकऱ्यास संघांतील दुसऱ्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षां शेंकडा पंधरा अधिक द्यावयाचे, असा नियम होता. आतां मुंबईनें धोनीला १५ लाखांस घेतलें असतें, तर सचिनला १७ लाख २५ हजार देणें प्राप्त झालें असतें. दोघांत मिळून ३२ लाख २५ हजार संपले असते आणि बाकीच्या सबंध संघासाठीं १७ लाख ७५ हजार उरले असते. चेन्नईकडे असा मानकरी नव्हता. म्हणून जो धोनी चेन्नईला परवडला तो मुंबईला त्याच भावानें परवडण्यासारखा नव्हता. माणूस तोच आणि गुणही तेच. पण घेणाऱ्याच्या थैलींत मागें काय उरतें, त्यावरून त्याची किंमत वेगळी होते.

त्याच वेळचें आणखी एक उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. हैदराबादच्या संघांत मानकऱ्याची जागा व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांची होती. त्यांनीं ती आपण होऊन सोडली, कारण त्यांच्या जादा शेंकडा पंधरांचा भार टळला म्हणजे संघाला दुसरे चांगले खेळाडू घेण्यास पैसा मोकळा राहणार होता. लक्ष्मण यांना त्या वर्षीं ३ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. मोठ्या मनाची गोष्ट म्हणून तिचें कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें. परंतु तींत ठरलेल्या थैलीचें मर्मही आहे. जेथें एकंदर रक्कम वाढत नाहीं, तेथें मोहऱ्यानें अधिक मागितलेला प्रत्येक पैसा मालकाच्या खिशांतून येत नसून सोबत्याच्या वाट्यांतून येत असतो.

त्याच लिलावांत झहीर खानला बंगळूरनें ४ लाख ५० हजार डॉलरला घेतलें. पुढल्या वर्षीं रॉबिन उथप्पाशीं अदलाबदल होऊन तो मुंबईला गेला. २०११ च्या लिलावांत बंगळूरनेंच त्याला पुन्हा घेतलें, या वेळीं ९ लाख डॉलरला. २०१४ सालीं मुंबईनें त्याला २ कोटी ६० लाख रुपयांस घेतलें आणि २०१५ सालीं दिल्लीनें ४ कोटी रुपयांस. ही शेवटची वाढ विचार करण्यासारखी आहे. २०१४ च्या हंगामांत दुखापतीमुळें त्याचे बरेचसे सामने हुकले होते आणि त्याला छत्तिसावें वर्ष उलटून गेलें होतें. वेग वाढला म्हणून भाव वाढला, असें कोणीही म्हणणार नाहीं. दिल्लीचा संघ आदल्या हंगामांत अगदीं तळाला गेला होता. त्यानें पुष्कळ खेळाडू सोडून दिले होते आणि म्हणून त्याची थैली मोकळी होती. त्याच लिलावांत दिल्लीनें युवराजसिंगाला १६ कोटी रुपये दिले. बाजारांत भाजीचा भाव जसा भाजीच्या गोडीवर ठरत नाहीं, तर त्या दिवशीं गिऱ्हाइकें किती आणि माल किती यावर ठरतो, तसाच हा प्रकार. श्रीरामपूरच्या या गोलंदाजाचा अनुभव ज्या संघाला हवा होता, त्याच्याजवळ त्या दिवशीं पैसा होता.

येथें एक प्रश्न साहजिकच मनांत येतो. मोहऱ्याला थैलीचा किती हिस्सा द्यावा, याला कांहीं माप आहे काय? ढोबळ माप असें सांगतां येईल कीं, खेळाचा जितका भाग त्याच्या हातून जातो त्या मानानें त्याचा वाटा असावा. क्वार्टरबॅकच्या हातून चढाईचा जवळजवळ प्रत्येक डाव जातो. म्हणून पांचवा हिस्सा त्याला दिला तरी त्याचें समर्थन करतां येतें. वीस षटकांच्या क्रिकेटांत मात्र एका गोलंदाजाला चारच षटकें टाकतां येतात. १२० चेंडूंपैकीं २४. २०११ च्या विश्वचषकांत झहीर खाननें २१ बळी घेऊन शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनें पहिलें स्थान मिळविलें. पण एवढा थोर गोलंदाज झाला तरी वीस षटकांच्या सामन्यांत उरलेले ९६ चेंडू दुसऱ्यांनींच टाकावयाचे! फलंदाजाची गोष्ट तर याहूनही नाजूक. पहिल्या चेंडूवर बाद झाला कीं त्याच्या फलंदाजीचा त्या दिवसाचा व्यवहार संपला. तेव्हां अमेरिकन फुटबॉलचें प्रमाण क्रिकेटला जसेंच्या तसें लावणें सयुक्तिक नाहीं. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्यें जेद्दा येथें झालेल्या लिलावांत लखनौच्या संघानें ऋषभ पंतला २७ कोटी रुपये दिले. थैली १२० कोटींची. म्हणजे शेंकडा साडेबावीस.

क्रिकेटपेक्षांही हा प्रश्न उघड दिसतो तो कबड्डींत, कारण तेथें थैली लहान आणि मोहऱ्याचा वाटा मोठा. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईंत झाला. प्रत्येक संघाची थैली ५ कोटी रुपयांची होती. हैदराबादच्या तेलुगु टायटन्सनें पवन सेहरावत या नामांकित चढाईपटूला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये दिले. निम्म्याहून जास्त थैली एकट्यावर रिकामी झाली. पुणेरी पलटननें इराणच्या महंमदरेझा शादलुईला २ कोटी ३५ लाख दिले, शेंकडा सत्तेचाळीस. दोन्ही संघांनीं जवळजवळ सारखेंच धाडस केलें. हंगाम संपला तेव्हां तेलुगु टायटन्स बारा संघांत बारावे होते. बावीस सामन्यांत त्यांना दोन विजय मिळाले. पुणेरी पलटन साखळींत पहिली आली आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेंत हरियाणा स्टीलर्सला २८ विरुद्ध २५ गुणांनीं हरवून विजेती ठरली.

सारख्या खर्चाचीं फळें इतकीं निराळीं कां? पवन सेहरावतच्या कर्तबगारीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. उत्तर कबड्डीच्या नियमांतच आहे. चढाई करणारा गडी पकडला गेला कीं तो बाहेर बसतो. त्याच्या सोबत्यांनीं प्रतिपक्षाचा गडी बाद केल्यावांचून सहसा त्याला पुन्हा मैदानांत येतां येत नाहीं. अडीच कोटींचा मोहरा असा बाहेर बसला असतां, त्याला जिवंत करण्याचें काम थैलीच्या उरल्यासुरल्या पैशांतून आणलेल्या गड्यांना करावें लागतें. मोहऱ्यावर किती खर्च झाला, यापेक्षां त्याच्यावर खर्च करून उरलेल्या पैशांत कोण मिळालें, या प्रश्नावर तेथें जयापजय ठरतो.

पुण्याच्या संघाजवळ या प्रश्नाचें उत्तर तयार होतें. टाकळीभानचा अस्लम इनामदार हा चढ्या बोलीनें विकत आणलेला गडी नव्हता. नवोदित तरुण खेळाडूंच्या वर्गांतून, जेथें मोबदल्याला नियमानेंच आळा असतो, तो पलटनमध्यें आला आणि तेथेंच वाढला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत इराणला हरवून भारतानें कबड्डीचें सुवर्णपदक मिळविलें, त्या संघांत तो होता. त्यानंतर कांहीं दिवसांतच, ज्या इराणी संघाविरुद्ध तो सामना झाला त्यांतील शादलुई त्याचा सहकारी झाला आणि अस्लम त्याचा कर्णधार! त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू हा मान अस्लमलाच मिळाला. थैलींतला सर्वांत मोठा वाटा एकाचा, संघाचें नेतृत्व दुसऱ्याचें. आणि या व्यवस्थेंत दोघांचेंही कांहीं बिघडलें नाहीं.

मोहऱ्यावर पैसा घालूं नये, असा मात्र धडा यांतून काढतां येत नाहीं. पुढल्याच हंगामांत पुण्यानें शादलुईला आपल्याकडे ठेवलें नाहीं. हरियाणा स्टीलर्सनें त्याला २ कोटी ७ लाखांस घेतलें आणि २९ डिसेंबर २०२४ रोजीं, तेंही पुण्यांतच, हरियाणानें अजिंक्यपद पटकावलें. विजयानंतरची ही अडचण सर्व देशांत सारखी आहे. संघ जिंकला कीं प्रत्येक गड्याचा भाव वाढतो, थैली मात्र तेवढीच राहते. एकत्र कुटुंबांत सगळे भाऊ एकदम कर्ते झाले म्हणजे जसें घर अपुरें पडूं लागतें, तसें विजेत्या संघाचें होतें. कोणीतरी बाहेर पडणार हें निश्चित असतें. कोणाला जाऊं द्यावें एवढेंच ठरवावयाचें असतें.

हीच अडचण कलकत्त्याच्या क्रिकेट-संघापुढें आली आणि तिच्यांतूनच आश्वीच्या अजिंक्य रहाणेची हकीगत घडली. मे २०२४ मध्यें श्रेयस अय्यरच्या नेतृत्वाखालीं कलकत्त्यानें विजेतेपद मिळविलें. त्याच वर्षाअखेर मोठा लिलाव व्हावयाचा होता. संघांनीं कोणते खेळाडू राखून ठेवले तें ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावें आणि राखलेल्या प्रत्येकासाठीं थैलींतून ठरीव रकमा वजा व्हाव्या, असा नियम होता. भारतांतील खेळाडूच्या सौद्याची खरी वेळ हीच. खेळाडूपुढें दोन वाटा असतात: संघ देतो तो आंकडा मान्य करून राहावें, किंवा लिलावांत उतरून आपली किंमत अजमावावी. पहिलींत निश्चिति आहे. दुसरींत आशा आहे, आणि धोकाही आहे. संघाचे चालक वेंकी म्हैसूर यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, श्रेयसचें नांव यादींत पहिलें होतें, परंतु राखणें हें उभयपक्षांच्या संमतीनेंच होऊं शकतें. ती संमति जुळली नाहीं. कलकत्त्यानें सहा खेळाडू राखले आणि लिलावासाठीं त्याच्या थैलींत ५१ कोटी उरले. विजेत्या संघाचा कर्णधार लिलावांत उभा राहिला आणि पंजाबनें त्याला २६ कोटी ७५ लाखांस घेतलें. मागल्या करारांत त्याला १२ कोटी २५ लाख मिळत होते.

मग कलकत्त्यानें काय केलें? त्यानें आपल्याच जुन्या संघांतील वेंकटेश अय्यरला परत मिळविण्यासाठीं २३ कोटी ७५ लाख रुपये दिले. ५१ कोटींपैकीं ते गेल्यावर २७ कोटी २५ लाख राहिले, आणि त्यांत उरलेला सगळा संघ भरावयाचा होता. अजिंक्य रहाणेचें नांव प्रथम पुकारलें गेलें तेव्हां कोणींही बोली केली नाहीं. लिलावाच्या उत्तरार्धांत तें पुन्हा निघालें आणि कलकत्त्यानें त्याला किमान भावानें, १ कोटी ५० लाखांस घेतलें. पुढें याच रहाणेला संघाचा कर्णधार नेमण्यांत आलें. कर्णधाराला दीड कोटी, आणि त्याच्या हुकमतीखालीं खेळणाऱ्याला पावणेचोवीस कोटी! २०२५ च्या हंगामांत कलकत्त्याच्या बाजूनें सर्वाधिक धावा रहाणेच्या झाल्या, ३९०. वेंकटेशच्या अकरा सामन्यांत १४२ झाल्या. संघ आठवा आला. तिकडे श्रेयसनें पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत नेलें. दुसऱ्या वर्षीं कलकत्त्यानें वेंकटेशला सोडलें आणि बंगळूरनें त्याला ७ कोटींस घेतलें.

या हकीगतींत वेंकटेश अय्यरला दोष देणें अन्यायाचें होईल. आपल्यावर कितीची बोली लागावी हें त्यानें ठरविलें नव्हतें. संघांच्या चढाओढींत तो आंकडा चढत गेला. परंतु एकदां चढला कीं त्याचें ओझें खेळाडूच्याच खांद्यावर येतें. प्रत्येक अपयशाच्या वेळीं लोक त्याच्या धावांना कोटींनीं भागूं लागतात. रहाणेचें ओझें उलट प्रकारचें होतें. ऑस्ट्रेलियांत हंगामी कर्णधार या नात्यानें त्यानें मेलबर्नला शतक काढलें आणि जानेवारी २०२१ मध्यें भारताला मालिका जिंकून दिली. त्याच माणसाला २०२३ सालीं चेन्नईनें ५० लाख रुपयांत घेतलें होतें. त्या वर्षीं तो १७० हून अधिकच्या धावगतीनें खेळला, चेन्नई विजेती झाली, आणि त्याला भारतीय कसोटी-संघांत पुन्हा बोलावणें आलें. त्याचा भाव कमी होता म्हणून त्याची योग्यता कमी नव्हती. आणि दुसऱ्याचा भाव मोठा म्हणून धावा आपोआप येत नव्हत्या. चेन्नईचा धोनी याचें सर्वांत बोलकें उदाहरण आहे. २००८ सालीं थैलीचा शेंकडा तीस भाग घेणारा हा खेळाडू २०२५ च्या हंगामासाठीं ४ कोटींस, म्हणजे थैलीच्या तिसाव्या हिश्शाला राखला गेला. पांच वर्षें आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला कमी मोबदल्याच्या वर्गांत धरतां येईल, असा नियम होता, त्याचा हा उपयोग. चेन्नईला मोहरा मिळाला आणि थैलीही मोकळी राहिली.

येथवर थैली ठरलेली आहे असें गृहीत धरून विचार झाला. पण ती ठरविली कोणीं, हा प्रश्न विचारल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. अमेरिकेंतील मर्यादा मालकांनीं एकतर्फी घातलेली नाहीं. खेळाडूंच्या संघटनेशीं वाटाघाटी होऊन ती ठरते, आणि २०२० च्या करारानुसार लीगच्या एकंदर उत्पन्नांतील निदान शेंकडा ४८ भाग खेळाडूंच्या वाट्यास येतो. उत्पन्न वाढलें कीं थैलीही वाढते. आपल्याकडे आजी क्रिकेटपटूंच्या वतीनें असा सौदा करणारी संघटना नाहीं. इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३ ते २०२७ या पांच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींस विकले गेले; वर्षास सुमारें ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामांत दहा संघांच्या १२० कोटींच्या थैल्या मिळून १,२०० कोटी होत होते. प्रत्येक सामन्याची निराळी फी २०२५ पासून मिळूं लागली. तीही जमेस धरली तरी खेळाडूंचा वाटा एकट्या प्रक्षेपणाच्या उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शाच्या आंतच राहतो. सत्तावीस कोटींचा आंकडा ऐकून ज्यांचे डोळे दिपतात, त्यांनीं हाही आंकडा त्याच्या शेजारीं मांडून पाहावा. मोहऱ्यानें सोबत्याचा घांस घेतला अशी तक्रार करणें सोपें आहे. ताटच लहान वाढलेलें आहे काय, हें पाहणें अधिक अगत्याचें आहे.

मर्यादेचे फायदे नाहींत, असें यावरून कोणीं समजूं नये. ती नसती तर दोन-तीन श्रीमंत मालकांनीं सगळे मोहरे आपल्या घरीं नेले असते आणि बाकीच्या संघांचे सामने केवळ उपचारापुरते राहिले असते. सारख्या थैल्यांमुळें तळाचा संघ दोन वर्षांत वर येऊं शकतो, आणि लहान गांवच्या, नांव नसलेल्या मुलाकडे पाहण्याची गरज मालकांना पडते. कारण सगळा पैसा नांवाजलेल्यांवर घातला तर मैदानांत उभें राहण्यास माणसें पुरत नाहींत. टाकळीभानचा मुलगा पुण्याच्या संघाचा कर्णधार झाला, त्यांत त्याचे कष्ट पहिले. परंतु मोठ्या मोहऱ्याखेरीजचे गडी घडवून घ्यावे लागतात, या ठरलेल्या थैलीच्या गरजेचाही त्यांत वाटा आहे.

तेव्हां असा सौदा करणाऱ्यांनीं काय ध्यानांत ठेवावें? मालकानें मोहऱ्याच्या गुणांची यादी करण्याबरोबरच, त्याला दिल्यावर उरणाऱ्या रकमेंत येणाऱ्या माणसांचीही यादी करावी, आणि दोन्ही याद्या एकाच कागदावर मांडाव्या. एखादा गेला तर त्याच्या जागीं कोण, याचें उत्तर सौद्याला बसण्यापूर्वीं तयार असावें. तें नसलें म्हणजे एका अय्यरला न दिलेले पैसे दुसऱ्या अय्यरला द्यावे लागतात. खेळाडूनें आपली किंमत मागण्यांत गैर कांहीं नाहीं. त्याचीं खेळण्याचीं वर्षें थोडीं असतात, एक दुखापत तीं संपवूं शकते, आणि निवृत्तीनंतर त्याचा संसार कोणताही संघ चालवीत नाहीं. मात्र आंकड्याबरोबर त्यानें हेंही पाहावें कीं, तो आंकडा घेतल्यावर आपल्या शेजारीं कोण उभे राहणार आहेत. निम्मी थैली घेऊन बाराव्या क्रमांकाच्या संघांत खेळणें, आणि बेताचा वाटा घेऊन विजेत्यांत असणें, यांतलें कोणतें बरें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु ठरवितांना दोन्ही बाजू मांडलेल्या असाव्या.

घरोघरीं आज तरुण मुलें आपल्या पगाराचे आंकडे एकमेकांच्या आंकड्यांशीं ताडून पाहतात आणि त्यांवरून आपली योग्यता ठरवितात. त्यांच्यासाठीं या तीन नगरी खेळाडूंची हकीगत उपयोगी पडावी. झहीर खानचा भाव त्याचा वेग ओसरल्यावर वाढला, अजिंक्य रहाणेचा भाव त्यानें मालिका जिंकून दिल्यावर पडला, आणि अस्लम इनामदार चढाओढीच्या बोलीवांचूनच हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. भाव हा त्या त्या दिवसाच्या थैलीचा हिशेब आहे. तो चोख करावा, न्यायानें मागावा, प्रसंगीं त्यासाठीं भांडावेंही. परंतु आपण किती कामाचे आहों, हें त्या आंकड्याला विचारूं नये. तें सोबत्यांना विचारावें.